प्रार्थना करूनही काळजी परत येते तेव्हा : चिंता देवावर टाकण्याची रोजची रीत

मोहरीदाणा (धागाकर्ता)

"चिंता करू नकोस, प्रभूवर सोपव" हे वाक्य आपल्या मंडळ्यांमध्ये सगळ्यांच्या तोंडी असते. पण सोपवायचे म्हणजे नेमके काय करायचे? किती वेळ, कोणत्या शब्दांत? आणि आमेन म्हणून उठल्यावर तासाभरात तीच काळजी पुन्हा छातीवर येऊन बसली तर? यावर फारसे कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा. साक्षी, म्हणजे स्वतःला आलेले अनुभव, इथे नकोत, त्यांना दुसरे धागे आहेत. इथे रीत लिहू या, आणि रीत कुठे बिघडते तेही.

बायबलमधल्या पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रापासून, फिलिप्पै ४:६-७ पासून, सुरुवात करतो. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" एवढेच म्हणून पौल थांबत नाही, लगेच पुढे काय करायचे ते सांगतो. त्यात चार गोष्टी येतात : प्रार्थना, विनंती, आभारप्रदर्शन आणि मागणी. बहुतेक जण यातली फक्त विनंती करतात आणि तीही मोघम. "प्रभू, सगळे नीट कर." मोघम मागितले की मन मोकळे होत नाही, कारण मनातली काळजी मोघम नसते. तिला तारीख असते, रक्कम असते, माणसाचे नाव असते.

मी सुचवतो ती रीत अशी. एक साधी वही आणि दिवसातली ठरलेली वीस मिनिटे. वेळ संध्याकाळची, जेवणाआधीची. अंथरुणात पडल्यावर हे करू नये, त्याचे कारण पुढे येईल.

पहिली दोन मिनिटे बायबलमधले एक स्तोत्र मोठ्याने वाचायचे, मनात नाही. मग साधारण सहा मिनिटे लिहायचे, एका ओळीत एक काळजी. "मुलाचे कसे होणार" असे लिहू नका. "दहावीला गणितात राहिला तर अकरावीचा प्रवेश अडेल" असे लिहा. प्रत्येक ओळीपुढे खूण करायची : आपल्या हातात काही असेल तर "ह", नसेल तर "द". "ह" असेल तिथे पुढचे एकच काम आणि वार लिहायचा. नंतर आठ मिनिटे एकेक ओळ घेऊन प्रार्थना. "ह"च्या ओळीला त्या कामापुरते मागायचे : "गुरुवारी बँकेत हप्त्याची मुदत वाढवून मागणार आहे, तिथे बोलायला शब्द दे." "द"च्या ओळीला : "यात माझ्या हाती काही नाही, हे तू घे." उरलेली चार मिनिटे आभाराची, आणि आभारही मोघम नकोत. आज घडलेल्या तीन गोष्टी नाव घेऊन सांगायच्या.

वही मिटली की त्या दिवसापुरते ते कामकाज संपले.

शब्दशोध

चांगला धागा. दोन भर घालतो.

मराठीत "आपली मागणी देवाला कळवा" असे एकवचन आहे, मूळ ग्रीकमध्ये तो शब्द अनेकवचनी आहे, म्हणजे मागण्या. एकेक वेगळी सांगायची. तुमची एका ओळीत एक काळजी ही रीत त्या अनेकवचनाला धरून आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ४:६ मध्ये चिंतेसाठी जे ग्रीक क्रियापद आहे, मेरिम्नाओ, तेच याच पत्रात २:२० मध्ये आले आहे, आणि तिथे ते कौतुकाचे आहे! आपला सोबती तीमथ्य याच्यासारखी तुमची खरी काळजी करणारा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही, असे पौल म्हणतो. म्हणजे तीमथ्य जे करतो ते चांगले आणि तेच फिलिप्पैकरांनी करू नये, असे झाले का? नाही. मराठी भाषांतराने इथे आपल्यावर उपकारच केले आहेत : एका ठिकाणी "काळजी" आणि दुसऱ्या ठिकाणी "चिंताक्रांत". काळजी माणसाला दुसऱ्याच्या दारापर्यंत चालत नेते. चिंता त्याला घरात फेऱ्या मारायला लावते. आईला मुलाची काळजी वाटली तर तो अविश्वास आहे, असे मंडळीत कुणी म्हणाले तर त्याला २:२० दाखवावे. खुद्द पौल २ करिंथ ११:२८ मध्ये सर्व मंडळ्यांविषयीची चिंता रोज आपल्यावर असल्याचे लिहितो.

तिसरा_प्रहर

मोहरीदाणा, रीत पटली. पण खरी अडचण आमेननंतरची आहे. "एकदा सोपवले की परत उचलायचे नाही" असे उपदेशात ऐकतो. परत उचलले की अपराधी वाटते, आणि मूळ काळजीवर विश्वास कमी पडल्याची दुसरी काळजी चढते.

शब्दशोध

तिसरा_प्रहर, "एकदाच" हे त्या वचनात कुठेच नाही. १ पेत्र ५:७, "त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो," हे स्तोत्र ५५:२२ वरून घेतले आहे. ते स्तोत्र सबंध वाचा. १७व्या वचनात स्तोत्रकर्ता संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी विनवणी करतो. भार टाकायला सांगणारा माणूस स्वतः दिवसातून तीनदा येतो आहे! सहाव्या वचनात तर त्याला पारव्यासारखे पंख हवे आहेत, उडून जायला. जवळच्या मित्राने दगा दिला आहे (१२ ते १४). ते दुखणे एका आमेनने जाणारे नाही, आणि जावे अशी अपेक्षाही तिथे कुणी ठेवलेली नाही.

आणखी एक. पेत्राच्या वाक्यात मुख्य आज्ञा ५:६ मधली आहे, "लीन व्हा". "टाका" हे मुळात "टाकून" असे आहे, लीन होण्याची रीत म्हणून जोडलेले. म्हणून परत चिंता आली तर "माझा विश्वास कच्चा" असे म्हणण्यापेक्षा "मी पुन्हा सगळे स्वतः सांभाळायला निघालो" असे म्हणणे वचनाला जास्त धरून आहे. त्यावर उपाय म्हणजे पुन्हा टाकणे. हेच क्रियापद लूक १९:३५ मध्ये आहे : शिष्यांनी आपली वस्त्रे शिंगरावर टाकली. इतके साधे, हातांनी करायचे काम आहे ते.

मोहरीदाणा

याला जोडून बिघाड क्रमांक एक लिहितो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. प्रार्थनेच्या नावाखाली चिंताच घोळवली जाते. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि आत तीच गोष्ट विसाव्यांदा : तो असे म्हणाला तर, मग तसे झाले तर. शेवटी आमेन जोडले म्हणून ती प्रार्थना होत नाही.

ओळखायचे कसे? उठताना काळजीत नवे तपशील वाढले असतील तर ते घोळवणे होते. म्हणून दिवसात एकच सविस्तर प्रार्थना, वहीसमोर. नंतर दिवसभरात ती काळजी आली तर एकच वाक्य : "हे तुझ्याकडे दिले आहे." मग हातातले काम. पुन्हा आली, पुन्हा तेच वाक्य. पन्नास वेळा आली तर पन्नास वेळा. वाक्य लांबवायचे नाही.

वसईवारा

मग लूक १८ मधल्या विधवेचे काय? ती तर न्यायाधीशाची पाठ सोडत नाही. आणि अटकेच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत प्रभूने तीन वेळा प्रार्थना केली.

मोहरीदाणा

वसईवारा, प्रश्न रास्त आहे. मत्तय २६ मधल्या त्या प्रार्थना शेजारीशेजारी ठेवून पाहा. ३९व्या वचनात "शक्य असेल तर हा प्याला टळून जावो". ४२व्यात, हा प्याला प्यायल्यावाचून टळणे शक्य नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. तिसऱ्या वेळी तेच शब्द पुन्हा (४४). शब्द थोडे आहेत, आणि पहिल्या प्रार्थनेपासून दुसरीपर्यंत मन पुढे सरकले आहे. मग "उठा, आपण जाऊ" (४६). विधवाही एकच मागणी घेऊन येते, न्यायाची. चिकाटीत मागणी तीच राहते. घोळवण्यात मागणी हरवते आणि "असे झाले तर" वाढत जाते.

वसईवारा

पटले. आमच्याकडचे थोडे सांगतो. कॅथलिक घरांत चिंतेच्या वेळी पहिले नाव निघते ते नोव्हेनाचे, म्हणजे ओळीने नऊ दिवस किंवा नऊ आठवडे करायच्या प्रार्थनेचे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाला गर्दी असते ती उगीच नाही. पण नोव्हेना आणि नवस यांतला फरक घरोघरी पुसट झाला आहे. "नऊ बुधवार पुरे केले तर काम होईल, एक चुकला तर पहिल्यापासून" हा हिशेब नवसाचा आहे. त्यात चिंता कमी होत नाही, उलट बुधवार चुकण्याची नवी चिंता लागते.

नऊ दिवस आले कुठून? प्रभूच्या स्वर्गारोहणापासून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, प्रेषित, पवित्र मरिया आणि इतर सगळे एकचित्ताने प्रार्थनेत राहिले (प्रेषितांची कृत्ये १:१४), त्या थांबण्याचे हे नऊ दिवस आहेत. त्यांनी कोणते काम करून घेतले नाही, ते थांबले. नोव्हेना करायची तर रोज त्याच मागणीबरोबर एक वाक्य जोडावे : "आणि तू वेगळे ठरवलेस तर ते स्वीकारायला बळ दे." मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, "हे आमच्या स्वर्गातील पित्या" झाल्यावर लगेच धर्मगुरू आम्हांला सर्व अस्वस्थतेपासून सुरक्षित ठेव, असे मागतो. ते शब्द घाईत निघून जातात. तिथे मनातल्या मनात आपली एक ओळ ठेवता येते.

रात्रीसाठी रोजरीची माळ उपयोगी आहे. पाच दशके पुरी झालीच पाहिजेत असा धाक नको. एक दशक, दहा नमो मरिया, सावकाश, श्वास सोडताना दुसरा अर्धा भाग. झोप लागली तर लागू द्यावी.

परिचारिका_घाटावरची

रात्रीचा विषय निघाला म्हणून लिहिते. मोहरीदाणांनी अंथरुणात वही नको म्हटले ते बरोबर आहे. अंथरूण आणि काळजी यांची सांगड एकदा बसली की उशीला डोके टेकताच मन कामाला लागते. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसरीकडे बसावे, मंद दिव्यात स्तोत्र ४ वाचावे (आठच वचने आहेत आणि शेवटचे झोपेचेच आहे), डोळे जड झाले की परत यावे. मोबाइलवर वचने शोधत बसू नये. वचन कमी आणि पडद्याचा उजेड जास्त मिळतो. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद.

आता जे मंडळीत बोलायला लोक कचरतात ते. सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस, अनेक गोष्टींची चिंता आवरत नसेल, आणि सोबत झोप उडणे, मान-खांदे आखडणे, लवकर थकवा, चिडचिड, लक्ष न लागणे असे असेल, तर तो चिंतेचा आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या, कारण ती ग्रंथी जास्त काम करू लागली तरी धडधड, घाम, हात थरथरणे असेच होते. छातीत दुखून डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येत असेल तर प्रार्थनेला बसू नका, आधी रुग्णालय गाठा, प्रार्थना वाटेत करा.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. "बरे वाटले, आता विश्वासाने थांबवते" म्हणून एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, झोपेचे हाल होतात, आणि आजार उलटू शकतो. कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत मिळते, मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर ते वहीत लिहून ठेवण्यावर भागवू नका. त्याच वेळी कुणाला तरी सांगा आणि हा क्रमांक लावा.

औषध म्हणजे अविश्वास म्हणणाऱ्यांना तीन ठिकाणे दाखवावीत : कलस्सै ४:१४ मधला प्रिय वैद्य लूक, १ तीमथ्य ५:२३ मधला पोटाच्या दुखण्यावर पौलाने सांगितलेला उपाय, आणि १ राजे १९. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दिला, झोपू दिले, उठवून पुन्हा खायला दिले. देवाचा प्रश्न "एलीया, तू येथे काय करतोस?" हा त्यानंतरचा, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतरचा आहे.

तिसरा_प्रहर

परिचारिका, मनापासून आभार. हा प्रतिसाद मंडळीच्या फलकावर लावावा असा आहे.

आणखी एक विचारतो. "उद्याची चिंता करू नका" हे पाळायचे तर विमा, बचत, मुलांच्या शिक्षणाची तजवीज यांत बसते का? काही भाऊ अगदी ठासून नाही म्हणतात.

विहीर_आणि_वचन

तजवीज आणि चिंता या दोन गोष्टी आहेत. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साठवायला सांगितला (उत्पत्ती ४१:३४), आणि तो देवाने दाखवलेल्या स्वप्नावरून. नीतिसूत्रे ६ मध्ये मुंगीकडे जायला सांगितले आहे. नहेम्या ४:९ तर एका वाक्यात सगळे सांगते : आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. उलट बाजूला लूक १२ मधला धनवान आहे. त्याचे कोठार बांधणे चुकले असे नाही. स्वतःच्या जिवाला "आता खुशाल राहा" असे कोठाराच्या भरवशावर सांगितले, तिथे चुकले. "उद्याची चिंता करू नका" हा उपदेश जिथे सुरू होतो ते मत्तय ६:२५ "ह्यास्तव" या शब्दाने सुरू होते हे विसरतात. मागचे वचन धनाची चाकरी करण्याचे आहे. चिंतेचा प्रश्न प्रभूने धनीपणाच्या प्रश्नाला बांधला आहे.

मान्नाचे, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेल्या अन्नाचे, उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे (निर्गम १६). माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटर. सकाळपर्यंत ठेवले की किडे पडत. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितले होते, आणि ते सातव्या दिवशी नासले नाही. वस्तू तीच, साठवणे तेच, एक भीतीने आणि एक सांगितले म्हणून. बचत करताना स्वतःला हेच विचारावे. आणि योजना बोलताना याकोब ४:१५ प्रमाणे "प्रभूची इच्छा असेल तर" हे नुसते तोंडाने नको, योजनेत फेरफार करायची तयारी ठेवून म्हणावे.

आपल्या मातीतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुली त्यांनी आणल्या आणि केडगावात मुक्ती मिशन उभे राहिले. त्यांची ओळख प्रार्थनेची म्हणून सांगितली जाते, ते खरेच आहे. पण केडगावात त्यांनी विहिरी खोदल्या, फळझाडे लावली, मुलींना हाताला काम शिकवले, छापखाना चालवला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले मराठी बायबल १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, त्यातूनच बाहेर आले. देवावर भरवसा होता म्हणून विहीर नको, असे त्या बाईंना कधी वाटले नाही. भरवसा होता म्हणूनच इतक्या जणींना घरात घ्यायचे धाडस झाले, आणि घेतल्यावर पाण्याची सोय करणे आलेच.

बेथानी

आता ऐकणाऱ्यांसाठी थोडे. घरगुती प्रार्थना सभेत कुणी काळजी सांगितली की पहिल्या मिनिटात वचन फेकू नये. रोम ८:२८, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे खरे आहे, पण ते पौलाने आठव्या अध्यायात, सृष्टीचे कण्हणे आणि आत्म्याचे कण्हणे लिहून झाल्यावर सांगितले आहे. आधी दोन प्रश्न विचारा : "यातले सगळ्यात जड काय वाटते?" आणि "या आठवड्यात काय करायचे आहे?" मग प्रार्थना, आणि तीही त्यांच्याच शब्दांत, पाच मिनिटांच्या आत. शेवटी कोण काय करणार ते ठरवा : डॉक्टरकडे सोबत कोण जाईल, डबा कोण देईल. गलतीकरांस ६:२ मधली ओझी अशीच वाहिली जातात.

आणि विनंती सांगणाऱ्याला विचारल्याशिवाय ती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकू नका. "बहिणीच्या घरच्या अडचणीसाठी प्रार्थना करा" एवढ्यानेही गावाला कळते. विश्वास एकदा मोडला की ती बहीण पुन्हा सभेत तोंड उघडत नाही.

पुढे ढकलल्या जाणाऱ्या संदेशांचेही पाहा. "भिऊ नको हे बायबलमध्ये ३६५ वेळा आहे, रोज एक" हा संदेश दरवर्षी फिरतो. मोजले तर तितक्या वेळा नाही. यिर्मया २९:११ ची, देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत या वचनाची, भेटकार्डे वाटताना १०वे वचनही वाचा, तिथे सत्तर वर्षे लिहिली आहेत. ज्याला लवकर सुटका होईल म्हणून ते वचन दिले जाते, त्याची सुटका लांबली तर तो देवाला खोटे समजतो. चूक आपली असते.

शब्दशोध

बेथानी, अगदी. फिलिप्पै ४:७ मध्येही वचन आहे ते शांतीचे. मागितलेले मिळेलच असे तिथे लिहिलेले नाही. "राखील" हा शब्द पहाऱ्यावरच्या शिपायाचा आहे, आणि फिलिप्पै ही रोमी सैनिकांची वसाहत, त्यांना तो लगेच कळला असणार. लिहिणारा स्वतः बेड्यांत आहे.

आणि वाचन ७व्या वचनावर तोडू नका. ८वे वचन विचारांची यादी देते, त्यात पहिला शब्द "जे काही सत्य" आहे. चिंतेची ओळ लिहून झाली की तिच्याखाली एकच प्रश्न लिहावा : यातले आज खरे काय आहे? "नोकरी जाणार" हे आज खरे नसते. "साहेबांनी सोमवारी बोलावले आहे" एवढे खरे असते. प्रार्थना त्या सोमवारची करावी.

वसईवारा

गाण्याचे राहिले. त्याच फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गात होते (कृत्ये १६:२५). घोळणारे मन गाताना घोळत नाही, कारण शब्द, चाल आणि श्वास तिन्ही सांभाळावे लागतात. नारायण वामन टिळकांची भजने "उपासना संगीत" या गीतांच्या पुस्तकात आहेत, एखादे पुरे पाठ करा, सगळी कडवी. अर्धे येत असले की तिसऱ्या कडव्याशी अडून काळजी परत शिरते.

तिसरा_प्रहर

शेवटचे विचारतो. पाळीची नोकरी असेल तर संध्याकाळची वेळ कशी धरायची? आणि भरलेल्या पानांचे काय करायचे?

मोहरीदाणा

वेळ घड्याळाला बांधू नका, जेवणाला बांधा. दिवसातले मुख्य जेवण ज्या वेळी असेल त्याच्या आधी. एखाद्या दिवशी चुकले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका.

पाने महिन्याच्या शेवटच्या रविवारी उलटायची. तीन खुणा : झाले, वेगळे झाले, अजून थांबलो आहे. तारीख घालायची. काही ओळी अशा सापडतात की त्या कधी लिहिल्या तेच आठवत नाही, त्यांना खूण न करता सोडून द्यायच्या. "अजून थांबलो आहे" त्या नव्या पानावर उतरवायच्या आणि त्यांच्यासाठी स्तोत्र १३ घ्यायचे. सहाच वचने आहेत : पहिल्या दोनांत "कोठवर" चार वेळा, मग दोन मागणीची, मग दोन भरवशाची. पाचव्या वचनापर्यंत मन गेले नाही तर चौथ्याला थांबावे आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून वाचावे.